आभाळातला मोजणीदार

माझ्या आत्याचे घर शिरूर तालुक्यातील एका लहानशा गावात आहे. चार खणांचे, जाड मातीच्या भिंतींचे आणि वर माळवद असलेले ते घर तिच्या सासऱ्यांच्याही आधीचे. त्या घरात तिची तीन बाळंतपणे झाली, आतोबांनी त्याच घरात डोळे मिटले; परंतु ते घर तिचे आहे असे सांगणारा एकही कागद तिच्यापाशी नव्हता. शेताला सातबारा असतो, गावठाणातल्या घराला तो नसतो. "भिंती हाच माझा कागद," असे ती म्हणत असे. पण भिंतीकडे पाहून बँक कर्ज देत नाही, आणि शेजारी भांडावयास उभा राहिला म्हणजे भिंत साक्षीला येत नाही.

शेजारच्या अण्णांशी तिचा जुना वाद होता, तो दोन घरांमधल्या हातभर रुंदीच्या बोळाचा. दोन्ही घरांच्या पन्हळी त्या बोळात गळत. बोळ आपलाच, असे दोघेही म्हणत. आणि या एका गोष्टीपायी त्यांनी वीस वर्षे एकमेकांशी शब्द टाकला नव्हता.

२०२१ च्या हिवाळ्यात एके दिवशी गावात दवंडी फिरली. गावठाणातील घरांची मोजणी होणार होती. ग्रामसभेत भूमी अभिलेख खात्याच्या माणसांनी सांगितले, की या खेपेस साखळी घेऊन कोणी येणार नाही. मोजणी आकाशातून होईल. प्रत्येकाने आपापल्या हद्दीवर चुन्याची ठळक रेघ ओढून ठेवावी, म्हणजे झाले. केंद्र सरकारची स्वामित्व योजना ती हीच. तिचा आरंभ २४ एप्रिल २०२० रोजी झाला होता. लोक प्रथम हसले, पण संध्याकाळपर्यंत सारे गाव चुन्याने पांढरे झाले. मी सुट्टीसाठी गावी गेलो होतो, आणि चुन्याची बादली माझ्याच हाती आली.

आत्याने आपली रेघ अण्णांच्या भिंतीला लागून काढविली. मागोमाग अण्णांनी आपली रेघ आत्याच्या भिंतीला लागून काढली. मोजणीदार आले, बोळात वाकून पाहिले आणि म्हणाले, "आजी, दोन रेघा असल्या तर ड्रोन दोन्ही टिपील. निवाडा काही तो करणार नाही."

त्या रात्री कंदील घेऊन दोघे म्हातारे बोळात उभे होते. काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. मला आत्याने माळवदावर निजावयास पाठविले होते. सकाळी पाहतो तो, दोन्ही रेघांवर माती पसरलेली, आणि बोळाच्या बरोबर मध्यावरून तिसरीच रेघ गेलेली!

शाळेच्या पटांगणातून ड्रोन उडाले. बसावयाच्या पाटाएवढे ते यंत्र आपले पंखे गरगर फिरवीत सरळ वर चढले, आणि कित्येक बायकांनी वडील माणूस समोर यावे तसा डोक्यावरून पदर घेतला. मग ते गावावरून जाऊ येऊ लागले, नांगरणारा शेतकरी एका तासाला लागून दुसरे तास घेतो तसे. प्रत्येक छायाचित्राचा काही भाग पुढच्या छायाचित्रात येईल, अशा बेताने त्याने शेकडो छायाचित्रे घेतली. ती एकमेकांना जुळवून काही सेंटिमीटरांपर्यंत अचूक असा नकाशा होतो. पुढे हरकती ऐकून घेतल्या गेल्या, दुरुस्त्या झाल्या, आणि कित्येक महिन्यांनी आत्याच्या हातात मिळकत पत्रिका पडली. तिला वाचता येत नाही. नकाशातील बोळाची रेघ कोणती, एवढेच तिने विचारले, आणि तीवरून हळूच बोट फिरविले.

ड्रोन या इंग्रजी शब्दाचा अर्थ नर मधमाशी. यंत्राच्या गुणगुणण्याला हे नाव शोभते खरे. गंमत अशी, की नर मधमाशीला नांगी नसते. या यंत्राला मात्र हवी ती नांगी लावता येते, आणि हवे ते अमृतही देता येते. जानेवारी २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या गावी लस पोहोचली ती ड्रोननेच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात पिकांवर औषध फवारता फवारता विषबाधा होऊन कित्येक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आज तेच औषध घेऊन ड्रोन एकरभर रान दहाएक मिनिटांत भिजवून येते, आणि माणूस बांधावर उभा राहतो. त्या विषारी धुक्यातून चालणे ज्याच्या नशिबी होते, त्याच्या दृष्टीने ही काही लहान गोष्ट नव्हे.

मग २०२४ चा आषाढ आला. पुणे जिल्ह्यातील आणि शेजारच्या जिल्ह्यांतील अनेक गावांवर रात्री ड्रोन दिसू लागले. तांबडे हिरवे दिवे लुकलुकत, घरांवरून जात आणि उसाच्या फडापलीकडे नाहीसे होत. ते कोणाचे, कशासाठी, हे कोणालाच सांगता येईना. कोणी म्हणे सरकारी मोजणी, कोणी म्हणे बिबट्याचा शोध. बहुतेकांचे मत पडले, की हे चोर. कोणत्या घराला कुलूप आहे ते वरून हेरतात. अफवांवर विश्वास ठेवू नका, असे पोलिसांनी सांगितले. परंतु रात्री अंगणात निजणाऱ्या माणसाला वर दिवा दिसला म्हणजे असे सांगणे पुरेसे होत नाही. आत्याने मिळकत पत्रिका ट्रंकेतून काढून उशाखाली ठेवली. तरुणांनी काठ्या घेऊन गस्त सुरू केली. मी तेव्हा गावीच होतो, आणि एक काठी माझ्याही हातात होती.

एका मध्यरात्री मोटारसायकलवरून दोन अनोळखी मुले वेशीपाशी आली. मागच्याच्या मांडीवर काळी, लांबट पिशवी होती. "हेच ते! हेच उडवतात!" कोणीतरी ओरडले, आणि क्षणात आम्ही त्यांना घेरले. ती मुले काही सांगू पाहत होती, पण ऐकतो कोण? कोणी पिशवी हिसकावली, ती दगडावर आपटली. आतून एक घुमणारा आवाज आला आणि सगळे थबकले. पिशवीत पखवाज होता. शेजारच्या गावचे भजन आटोपून ती मुले घरी चालली होती. पखवाजाची पुडी फाटली होती. तो मुलगा फाटलेल्या चामड्यावर हात ठेवून रडू लागला. मी काठी उगारली नव्हती, हे खरे. पण खाली टाकलीही नव्हती.

आमची भीती मात्र अगदीच वेडगळ नव्हती. २७ जून २०२१ च्या पहाटे जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकण्यात आली आणि दोन जवान किरकोळ जखमी झाले. इतके लहान आणि जमिनीलगत उडणारे यंत्र रडारला सहजी सापडत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळील गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या बातम्या एकामागून एक आल्या, तेव्हा तीस तासांहून अधिक काळ विमाने थांबली आणि सुमारे १,४०,००० प्रवासी खोळंबले. तेथे स्फोट झाला नाही की काच फुटली नाही. ड्रोन कोणाचे, एवढेच कळेना. आणि उडविणारा अखेरपर्यंत सापडला नाही.

म्हणूनच आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी ड्रोनला ओळख क्रमांक लावला, आणि आकाशाचे लाल, पिवळे व हिरवे असे पट्टे पाडले. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या अनुमतीवाचून उडता येत नाही. हिरव्या पट्ट्यात १२० मीटर उंचीपर्यंत मोकळीक आहे. नियम चांगले आहेत. अडचण एवढीच, की रात्री डोक्यावरून जाणाऱ्याचा क्रमांक खालून वाचता येत नाही.

पखवाजाला नवी पुडी घालण्यासाठी गावाने वर्गणी काढली. पैसे पोहोचते करावयास मी गेलो होतो. त्या मुलाने ते घेतले, परंतु माझ्याकडे पाहिले नाही.

गेल्या वर्षी अण्णांच्या उसावर फवारणीसाठी ड्रोन आले. बचत गटातली गावचीच एक सून ते चालवीत होती. भर दुपारची वेळ होती. आवाज ऐकताच आत्या काठी टेकत बांधावर गेली.

"कुणाचं हाय गं हे?"

"आपल्या गटाचं, आत्याबाई."

"नंबर हाय का त्याला?"

तिने यंत्राच्या कुशीवर चिकटविलेला क्रमांक वाचून दाखविला.

"पुन्यांदा सांग, सावकाश."

तिने एकेक अक्षर वाचले. आत्याने ते ऐकून घेतले, पदर नाकाला लावला आणि आंब्याच्या सावलीत अण्णांशेजारी जाऊन बसली. "हां, उडव आता," ती म्हणाली.