गाजरगवताचा शेजार

शेजारधर्म हा शब्द आपण माणसांपुरताच वापरतों. वनस्पतींच्या जगांत त्याचा अर्थ लावूं गेल्यास मोठी पंचाईत होते. झाडाझाडांत ऊन, पाणी व माती यांवरून चुरस चालते, हें कोणाही शेतकऱ्यास ठाऊक आहे. परंतु कांहीं वनस्पती शेजाऱ्याच्या वाट्याचें अन्न ओढून घेण्यावरच थांबत नाहींत. त्याच्या मुळांपाशीं त्या विष पेरतात. व्हिएन्नाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनीं १९३७ सालीं या प्रकारास ‘अ‍ॅलेलोपथी’ असें ग्रीक धाटणीचें नांव दिलें. हे गृहस्थ त्यापूर्वीं १९२८ सालीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांच्या संस्थेंत येऊन काम करून गेले होते, ही गोष्ट वाचकांस कौतुकाची वाटेल.

पाश्चात्य लेखनांत या विद्येचें उदाहरण म्हणून ‘गोल्डन रॉड’ हें पिवळ्या तुऱ्यांचें झुडूप वारंवार येतें. तें मूळचें उत्तर अमेरिकेचें. शोभेसाठीं युरोपांत व चीनमध्यें नेलें, आणि तेथें बागेचें कुंपण ओलांडून माळ व्यापीत सुटलें. आपल्याकडील फुलवाले तें पुष्पगुच्छांत भरतीस घालतात. आपली त्याची ओळख तेवढीच. मात्र त्याच्याच, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळांतला एक दुसरा अमेरिकन पाहुणा आमच्या कांदिवलींत ठाण मांडून बसला आहे.

जुनी इमारत पाडावी, पत्र्याचें कुंपण घालावें, आणि पुढचें काम कोर्टकचेरींत अडकावें, कीं पहिल्या पावसानंतर दोन महिन्यांत त्या जागेवर गाजरासारख्या कातरलेल्या पानांचें व बारीक पांढऱ्या फुलांचें रान माजतें. हेंच गाजरगवत. काँग्रेस गवत हेंही त्याचेंच नांव. पुण्यास तें आढळल्याची नोंद १९५६ सालीं प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हाबरोबर तें आलें अशी सार्वत्रिक समजूत आहे. परंतु हिंदुस्थानांतील त्याच्या खुणा एकोणिसाव्या शतकांतल्याही सांपडतात, तेव्हां सगळा दोष गव्हाच्या पोत्यांवर लादणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

त्याच्या पानांवरच्या बारीक लवेंत पार्थेनिन नांवाचें कडू द्रव्य असतें. पावसानें तें धुऊन मातींत उतरतें, मुळांतून झिरपतें, पाला कुजला कीं आणखी मिसळतें. शेजारचें बीं रुजत नाहीं. रुजलें तर मूळ खुरटतें. कडधान्यांच्या मुळांवर नत्र सांठविणाऱ्या ज्या गांठी असतात, त्यांचीही वाढ मंदावते. परागांची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. गाजरगवताचे पराग वांग्याच्या, टोमॅटोच्या फुलांवर पडले तर फळ कमी धरतें, असें बंगळूरच्या संशोधकांस दिसून आलें. आणि हेंच पार्थेनिन माणसाच्या कातडीस बाधलें म्हणजे कित्येकांस असा इसब होतो, कीं पुण्याकडील जुन्या डॉक्टरांस तो चांगला आठवत असेल.

तरीही ही कथा वाटते तितकी सरळ नाहीं. कांचेच्या बशींत पाल्याचा घट्ट अर्क ओतून बीं मारणें सोपें आहे. पुष्कळ निरुपद्रवी पाल्यांच्या अर्कानेंही तें साधतें. खऱ्या मातींत सूक्ष्म जंतू पार्थेनिनचा थोडक्या दिवसांत फडशा पाडतात. शिवाय हें विष गाजरगवताच्या स्वतःच्या रोपांसही सोडीत नाहीं! म्हणून केवळ विषाच्या बळावर तें मुलूख जिंकतें, हें सर्वच संशोधकांस मान्य नाहीं. एकेका झाडास हजारों बिया धरतात, आणि मायदेशीं त्यास कुरतडणारे किडे येथें त्याच्याबरोबर आले नाहींत. आमच्या मतें पहिला अपराध जमीन उघडी करणाऱ्या यंत्राचा. गवत मागाहून येतें, आणि विष त्यास मिळालेली जागा राखावयास मदत करतें.

गेल्या आषाढांत आमच्या सोसायटीच्या सभेपुढें मागच्या मोकळ्या जागेवर तणनाशक फवारण्याचा ठराव आला. एक सभासद आवेशानें म्हणाले, ‘‘बाहेरून आलेलें सगळें मुळापासून उपटून टाका!’’ सभेंत हंशा पिकला आणि लगेच विरलाही. कारण तेथें कोणी रत्नागिरीहून, कोणी काठेवाडांतून, कोणी उत्तरेकडून आलेला, आणि आम्ही स्वतः गिरगांवांतून. मिरची, बटाटा, टोमॅटो हींही अमेरिकेचींच, हें आम्हीं सांगितलें. पण तें ऐकण्याच्या मनःस्थितींत फारसें कोणी नव्हतें. इतक्यांत मागच्या रांगेंतून एका आजींनीं विचारलें, ‘‘अहो सेक्रेटरी, तुमच्या त्या फवाऱ्यानें आमचा टाकळा राहील का हो?’’

या एका प्रश्नानें सभेचा रंग पालटला. त्या जागेच्या कडेला पावसाळ्याच्या आरंभीं टाकळा उगवतो आणि चार-पांच घरांत त्याची भाजी होते. योगायोग असा, कीं जबलपूरची तणसंशोधन संस्था गाजरगवताच्या जागीं टाकळाच पेरावयास सांगते. तो दाट वाढतो, ऊन अडवितो. शिवाय त्याच्या एका जातभाईच्या पाल्याचा अर्क गाजरगवताचें रुजणें रोखतो, असें प्रयोगांत दिसलें आहे. म्हणजे तीच विद्या याही घराण्यास अवगत. मेक्सिकोहून आणलेला, गाजरगवतावर जगणारा एक भुंगेराही १९८४ च्या सुमारास बंगळूरकडे सोडण्यांत आला होता. त्याचें वर्णन ऐकून मात्र महिलामंडळानें नापसंतीची मान हलविली.

‘‘प्रोफेसरसाहेब, तुम्हीच पुढाकार घ्या,’’ असें म्हणून सेक्रेटरींनीं फवारणीचा ठराव तहकूब केला. पुढच्या रविवारीं हातमोजे घालून, फुलें येण्यापूर्वीं, आम्ही अकरा जणांनीं सकाळभर गाजरगवत उपटलें. मार्गशीर्षांत टाकळ्याच्या वाळलेल्या शेंगा फोडून आजींनीं दोन बरण्या बीं गोळा करून दिलें. त्या बरण्या सध्यां सोसायटीच्या कचेरींत, पाणीपट्टीच्या फायलींशेजारीं, पावसाची वाट पाहत आहेत.