गेन म्हणजे आवाज नव्हे

तराजूची रिकामी पारडी एका पातळीत नसली की हलक्या बाजूला पासंग बांधण्याची रीत व्यापारी घरांना नवी नाही. पासंगाचे काम काटा मधोमध आणण्यापुरते. मालाचे वजन वाढवण्यासाठी त्याला हात लावला तर त्या व्यवहाराला वेगळेच नाव आहे. मोटारीच्या ॲम्प्लिफायरवर ‘गेन’ लिहिलेले जे लहानसे बटन असते, त्याचे कामही याच जातीचे. समोरच्या स्टिरिओकडून येणारा संकेत कुठे दोन व्होल्टचा असतो, कुठे चार व्होल्टचा. त्याच्याशी ॲम्प्लिफायरचा मेळ घालणे एवढ्यासाठीच ते ठेवलेले आहे. परंतु ते फिरवले की आवाज मोठा होतो, हे कानाला लगेच समजते आणि गैरसमज तेथेच रुजतो.

इचलकरंजीतील एका सूतव्यापारी घरात या गैरसमजापायी जुना संबंध तुटण्याच्या बेतात आला होता. थोरल्या चिरंजिवांनी गाडीत नवा ॲम्प्लिफायर आणि दारांसाठी स्पीकरची जोडी बसवून घेतली. दुकान परिचयाचे, दोन पिढ्यांच्या देण्याघेण्याचे. दोन महिन्यांत एका स्पीकरमधून खरखर येऊ लागली आणि मग तो मुका झाला. दुकानदाराने दुसरी जोडी दिली, ‘हिशेब मागाहून पाहू’ म्हणाला. तीही दिवाळीपूर्वीच गेली. तेव्हा घरात एकच शब्द फिरू लागला : माल बनावट. दुसऱ्या जोडीचे पैसे अडवले गेले आणि बाजारात चार लोकांजवळ ही गोष्ट बोलण्याची तयारीही झाली.

घरातले वडीलधारे अण्णा मात्र अडून बसले. “माल खोटा म्हणायचा असेल तर आधी तो उघडून बघा,” एवढेच त्यांचे म्हणणे. दुसऱ्याच्या मालाला बट्टा लावणे किती सोपे आणि तो पुसणे किती अवघड, हे त्यांनी सुताच्या पेठेत पुरेसे पाहिले होते.

गल्लीतले रेडिओ-दुरुस्तीचे जुने मिस्त्री बोलावले गेले. त्यांनी मुक्या स्पीकरचा पडदा कापून आतली कॉइल बाहेर काढली. ती काळीठिक्कर पडली होती आणि जळक्या वार्निशचा वास अजून येत होता. “कारखान्याचा दोष असता तर बहुधा एखादा सांधा सुटलेला सापडला असता,” मिस्त्री म्हणाले. “ही तर सगळीच भाजली आहे.”

चिरंजिवांचा प्रश्न रास्त होता. ॲम्प्लिफायर प्रत्येक बाजूला ७५ वॅटचा, स्पीकर ६० वॅटचा, खोक्यावर तर मोठ्या अक्षरांत ३०० वॅट छापलेले. मग एवढी उष्णता आली कोठून? खोक्यावरचा मोठा आकडा क्षणभराच्या सोसण्याचा असतो. सतत सोसण्याचा आकडा आरएमएस वॅटचा, आणि तो बारीक अक्षरांत असतो. (जाहिरातीचा आकडा आणि हिशेबाचा आकडा वेगळा, हे खरे तर व्यापाऱ्याला सांगायला नको.) पण मूळ कारण त्याहून खोल होते. ॲम्प्लिफायर ध्वनीची लाट एका ठरावीक उंचीपर्यंतच उचलू शकतो. मागणी त्यापलीकडे गेली की लाट उंच होत नाही, तिचा माथा सपाट कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. गोलाईची लाट अशी चौकोनी झाली की तेवढ्याच उंचीत जवळजवळ दुप्पट शक्ती भरते आणि तिची उष्णता कॉइलमध्ये उतरते. कापलेल्या कडांतून मूळ गाण्यात नसलेले उंच स्वरही निर्माण होतात. ते नाजूक ट्विटरकडे जातात, म्हणून पुष्कळदा आधी तोच जळतो. लहान ॲम्प्लिफायर स्पीकरला निर्धोक असतो, ही समजूत म्हणूनच फसवी आहे. त्याचा माथा लवकर कापला जातो.

गाडी अंगणात उघड्यावर उभी करून इंजिन चालू ठेवले, कारण बंद गाडीची बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास असते, चालू गाडीत चौदाच्या. स्पीकरच्या तारा सोडवल्या. स्टिरिओवरचे बास-ट्रेबल शून्यावर आणले आणि ॲम्प्लिफायरवरचा बास बूस्टही बंद केला; सहा डेसिबलचा बूस्ट त्या स्वरांसाठी चौपट शक्ती मागतो. मग ४०० हर्ट्झचा अखंड सूर लावला. पुष्कळजण १००० हर्ट्झ घेतात, परंतु स्वस्त मल्टिमीटर तेवढ्या वर एसी व्होल्ट नीट मोजत नाहीत. स्टिरिओचा आवाज ४० पैकी ३० वर ठेवला. गेन बसवणाऱ्या मुलाने शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला होता, गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून. काटा २४ व्होल्टच्या जवळ गेला. मिस्त्रींनी व्होल्टचा वर्ग केला आणि स्पीकरच्या चार ओहमांनी भागले : १४४ वॅट. साठ सोसणाऱ्यावर एकशे चव्वेचाळीस.

उलट हिशेबही तेथेच झाला. साठ गुणिले चार म्हणजे २४०, त्याचे वर्गमूळ साडेपंधरा. गेन पूर्ण मागे नेऊन काटा हळूहळू १५ व्होल्टपर्यंत चढवला आणि तेथेच थांबले. अर्धा व्होल्ट मुद्दाम सोडला. स्पीकर जोडल्यावर ॲम्प्लिफायर थोडा दबतो आणि क्लिपिंग झाले की नाही, हे मल्टिमीटरला दिसत नाही. ते पाहायला ऑसिलोस्कोप लागतो. तो मिस्त्रींकडे नव्हता.

“म्हणजे आवाज अर्ध्याहून कमी,” चिरंजीव हिरमुसले. तसे होत नाही. शक्ती निम्मी झाली तर आवाज तीनच डेसिबलने उतरतो, कानाला जेमतेम जाणवेल इतका. दुप्पट मोठा वाटण्यासाठी साधारण दहापट शक्ती लागते. एका जुन्या शिल्लक स्पीकरवर गाणे लावून पाहिले, तेव्हा त्यांनाच बोल अधिक स्वच्छ ऐकू आले. जुन्या ध्वनिमुद्रणांचा आवाज मुळात हळू असतो, त्याला इलाज नाही. ३० च्या आकड्यापाशी मात्र पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला गेला.

अडवलेले पैसे त्याच संध्याकाळी पोचते झाले आणि तिसरी जोडी अण्णांनी रोखीने घेतली. जळकी कॉइल त्यांनी रुमालात बांधून दुकानात नेली होती. दुकानदाराने ती बसवणाऱ्या मुलाला दाखवली आणि मिस्त्रींच्या हिशेबाचा कागद भिंतीवर लावला. त्या कागदावर सबवूफरच्या समोरचा रकाना अजून मोकळा आहे. तो घ्यायचा की नाही, यावर घरात एकमत झालेले नाही.