माहेरची श्नायडरिन

पेनसिल्व्हेनियात लेकीच्या शेजारणीच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक तसबीर आहे आणि तसबिरीवर पडदा. उन्हानं शाई उडते म्हणून जुन्या टेबलक्लॉथचा तुकडा दोन खिळ्यांना अडकवलेला. मला वाटलं, आत देव असेल. चहा झाल्यावर तिनं पडदा सरकवला, तर कागद. कडेनं लाल-पिवळी ट्यूलिप, वर समोरासमोर दोन पक्षी, मधोमध भलामोठा बदाम आणि बदामाच्या पोटात टोकेरी जर्मन अक्षरांची दाटी. टाउफशाइन, म्हणजे बाप्तिस्म्याचा दाखला. साल १७९३.

इथल्या जर्मन घरांत असे दाखले पूर्वी मुबलक असत. चर्चच्या वहीत पाद्री नोंद करायचाच, पण घरासाठी ही रंगीत प्रत बहुधा गावचा मास्तर करून द्यायचा. पगार बेताचा, तेवढीच वरकमाई. पुढे छापील फॉर्म आले, तरी फुलापानांत रंग हातानंच भरत. कुणी दाखला बायबलात ठेवी, कुणी लग्नाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवी.

शेजारीण बोट ठेवून वाचत होती. अमका बाप, त्याची लग्नाची बायको तमकी, ‘जन्माची श्नायडरिन’, या दोघांना मुलगा झाला. घराण्याचा माग काढताना या श्नायडरिननं तिची दोन वर्षं खाल्ली होती. श्नायडरिन आडनावाचं घराणं एका वहीत सापडेना, एका यादीत सापडेना. मग कुणीतरी सांगितलं, आडनाव नुसतं श्नायडर, शेवटचं ‘इन’ बाईमाणसाचं. श्नायडर म्हणजे शिंपी. हात्तिच्या, मग ही शिंपीण! माळ्याची माळीण, पाटलाची पाटलीण. मराठी माणसाला हे दोन मिनिटंही अडलं नसतं. तिला मी तसं बोलून दाखवलं नाही. (दाखवलं. राहवलं नाही.)

श्नायडरिनच्या आईपर्यंत मात्र तिला अजून पोचता आलेलं नाही. १७२७ पासून फिलाडेल्फियाला उतरणाऱ्या जर्मन पुरुषांना इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे. सोळा वर्षांवरचे सगळे रांगेनं सही करत. ज्याला लिहिता येत नसे तो खूण करी आणि नाव कारकून कानावर पडेल तसं लिही. त्या याद्या अजून आहेत. बायकांना शपथ नव्हती. दोन-अडीच महिने बोटीच्या पोटात ओकाऱ्या काढत, पोर सांभाळत आलेली बाई बहुतेक याद्यांत आलेलीच नाही. मूळ गावच्या, ऱ्हाइनकाठच्या चर्चच्या वह्या बघाव्यात तर काही तीस वर्षांच्या युद्धात गेल्या, आणि १६८९ मध्ये फ्रेंच फौजांनी श्पायर, वॉर्म्स, मानहाइम बेचिराख केलं. ज्या वाचल्या त्यांत एका घरचे चार मुलगे, चौघेही योहान. हाक मारायची ती पुढच्या नावानं. एक गेला की त्याचं नाव पाठच्याला. वर लिपी अशी धावती, की ‘ए’ आणि ‘एन’ एकसारखेच दिसतात. मोडीशी झटापट केलेल्यांनाच ही वेदना कळेल.

तिनं सांगितलेल्या गोष्टींत माझ्या डोक्यात घर करून बसली ती पेन्शनची. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या सैनिकांच्या विधवांसाठी १८३६ मध्ये कायदा झाला. नवरा लढला हे सांगायला कुणीतरी मिळे. पण आपलं त्याच्याशी लग्न झालं होतं, हे ऐंशीच्या घरातल्या बाईनं कसं दाखवायचं? पाद्री मेलेला, साक्षीदार मेलेले. मग या म्हाताऱ्यांनी बायबलातली जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदींची पानं कापली, पेट्यांतून थोरल्या मुलाचे दाखले काढले आणि ट्यूलिप-पक्ष्यांसकट घडी घालून सरकारकडे पाठवून दिले. कारकुनांनी ते अर्जामागे लावून ठेवले. मला ती कात्री दिसते. पान कापताना मुलगा म्हणाला असेल, आई, देवाचं पुस्तक आहे. आणि ती म्हणाली असेल, पुस्तक तसंच आहे, माझं पान तेवढं घेतेय. त्यांतले कितीतरी कागद अजून वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. घरी राहते तर उंदीर, ओल आणि वाटण्यांतून किती वाचते? सरकारी दप्तराबद्दल इतकं बरं मी उभ्या आयुष्यात बोलले नव्हते.

दाखल्याच्या तळाशी मुलाची राससुद्धा होती. तूळ. पाद्र्याच्या नावाशेजारी बिनदिक्कत तूळ! ही रास कशी असते, असं तिनं विचारलं. पत्रिकेवर माझा काडीचा विश्वास नाही, तरी दहा मिनिटं बोलले.

आणि पक्षी? डिस्टेलफिंक, ती म्हणाली. काटेरी झुडपांच्या बियांवर जगणारा, म्हणून ते नाव. खिडकीबाहेर तिनं जाळीची नळी टांगली आहे. त्याचा अमेरिकेतला पिवळाधमक भाऊबंद तिला लटकून दाणे टिपत होता. मी बाहेर गेले, खाली सांडलेले चार दाणे उचलले. काळे, लांबट, चकचकीत. दाताखाली धरले. कारळे! साक्षात आमचे चटणीचे कारळे. पिशवी फिरवून बघितली तर बारीक अक्षरांत ‘भारत’. ती म्हणाली, देशात सोडण्याआधी त्यांना चांगली उष्णता देतात, त्यांत मिसळलेलं तणाचं बी इथल्या मातीत रुजू नये म्हणून.

म्हणजे आयतेच भाजलेले. घरात लसूण आहे का, मी विचारलं.