गेलेले तेरा मार्क कुठले?

सेकंड हँड गाडी विकणाऱ्याकडे काही वाक्यं कायम तयार असतात. "सिंगल ओनर आहे", "डॉक्टरांची गाडी आहे", "इंजिन एकदम मख्खन!" मित्रांनो, ही वाक्यं खोटीच असतात असं नाही. पंचाईत अशी की, खरं काय ते घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली नेमकं याच बाजाराचं उदाहरण घेऊन निबंध लिहिला. गाडीचं पोट विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला दिसतं फक्त पॉलिश. म्हणून तो सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक गाडी विकायला काढत नाही, आणि बाजारात खटारे उरतात. अशा बाजारांच्या अभ्यासासाठी २००१ साली त्यांना नोबेल विभागून मिळालं.

आमच्या शेजारच्या काकांना नोबेलशी काही देणंघेणं नव्हतं. एसटीतून रिटायर झालेले, काकूंचे गुडघे दुखतात म्हणून फंडातले दोन लाख बाजूला काढून गाडी शोधत होते. एका गाडीसोबत त्यांना आठ पानी रंगीत रिपोर्ट मिळाला. वर ठळक अक्षरात : १०० पैकी ८७. काकांनी तो माझ्यापुढे टाकला आणि विचारलं, "अरे इंजिनिअर, गेलेले तेरा मार्क कुठले? वायपरचे की ब्रेकचे?"

आमच्या फायनल इयरच्या प्रोजेक्टचा विषय तिथेच ठरला. आम्ही तिघांनी मिळून जुन्या गाडीचा दोन पानी मराठी रिपोर्ट तयार केला.

पहिलं ठरवलं, मार्क द्यायचे नाहीत. मार्कांची बेरीज केली की चकचकीत सीट कव्हर झिजलेल्या ब्रेकला झाकून टाकतं. त्याऐवजी तीन चौकटी केल्या : जिवाशी गाठ, खिशाला चाट आणि नुसतं डोळ्याला खुपणारं. ब्रेक, स्टिअरिंग, टायर पहिल्या चौकटीत. क्लच दुसऱ्या, अंदाजे खर्चासकट. दारावरचे ओरखडे तिसऱ्या.

दुसरं, "इंजिन ठीक" असं लिहायला बंदी. "थंड इंजिन एका सेल्फमध्ये सुरू झालं, निळा धूर नाही" असं जे दिसलं ते लिहायचं. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे १४१९ असतील, तर तो २०१९ च्या चौदाव्या आठवड्यात बनला. मीटर तीस हजार दाखवतंय आणि पेडलचं रबर पार गुळगुळीत झालंय? मग "मीटर फिरवलंय" असा आरोप करायचा नाही. दोन्ही गोष्टी शेजारी लिहायच्या आणि सर्व्हिसच्या नोंदी मागायच्या.

कागदपत्रांना वेगळी चौकट. चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळतो का? कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आहे का? नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० भरलेत का? इंजिन कितीही मख्खन असलं तरी हे नसेल तर पुढे जायचं नाही.

तिसऱ्या गोष्टीवरून गाइड सरांशी वाद झाला. आम्ही "तपासलं नाही" अशी चौकट ठेवली. सर म्हणाले, "याने रिपोर्ट अपुरा दिसेल." आमचं म्हणणं, तो अपुराच असतो. गिअरबॉक्स न उघडता आतले दात दिसत नाहीत. लपवलं तर विकणाऱ्यात आणि आमच्यात फरक काय? बऱ्याच चर्चेनंतर सरांनी चौकट राहू दिली.

मग ८७ मार्कांच्या गाडीचा आमचा रिपोर्ट केला. पुढचे सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढले, तर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या चिखलाची रेघ होती. गाडी पुराच्या पाण्यात होती का, हे बघायला कार्पेट उचलू द्या म्हटलं तर मालकाने नकार दिला. आम्ही लिहिलं : "कार्पेटखाली तपासलं नाही. मालकाने परवानगी दिली नाही." काकांनी ती एक ओळ वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

पुढच्या महिन्यात त्यांनी दुसरी गाडी घेतली. दाराला ओरखडे, क्लच बदलायला आलेला. रिपोर्ट पुढे ठेवून क्लचचे पैसे त्यांनी भावातून कापून घेतले. फॉर्मवर सही करताना गाडीत काय काय बिघडलंय ते त्यांना तोंडपाठ होतं, आणि म्हणूनच हात थरथरला नाही.

तेव्हा मित्रांनो, घरी कोणी जुनी गाडी बघत असेल तर मार्क विचारू नका. गेलेले मार्क कुठले, ते विचारा!