माणिक नव्हे, तामडा

बीड जिल्ह्याची भूमी काळ्या पाषाणाची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचे थर येथे एकावर एक बसले आहेत. त्या थरांच्या पोकळ्यांत अकीक, गारगोटी आणि झिओलाइटचे पांढरे स्फटिक सापडतात. गार्नेट, म्हणजे सराफी बोलीतला तामडा, मात्र येथे सापडत नाही. तो बहुधा घडतो तो खोल भूगर्भात, दाब आणि उष्णता यांनी रूप पालटलेल्या खडकांत. म्हणून बीडमधील एखाद्या घराच्या दागिन्यात तामडा असेल, तर तो बाहेरून आला, एवढे निश्चित. कोठून आला, हा पुढचा प्रश्न. आणि तो खरोखर तामडाच आहे का, हा त्याच्याही आधीचा.

बीडच्या एका वृद्ध जैन सराफांसमोर हे दोन्ही प्रश्न एकदम उभे राहिले. त्यांच्या थोरल्या बहिणीने आपला हार नातीच्या लग्नासाठी नव्याने घडवायला दिला होता. वडिलांच्या पश्चात वाटणी झाली तेव्हा दुकान भावाकडे आले आणि हार बहिणीच्या वाट्याला गेला. वाटणीच्या यादीत ‘माणकांचा हार, खडे 22’ अशी नोंद होती. खडे कोंदणातून मोकळे केल्यावर मागचा चकाकता पत्रा निघाला आणि त्याबरोबर त्यांची लाली निम्मी झाली. उरला तो किंचित जांभळट, गडद डाळिंबी रंग.

रंगावरून निर्णय देऊ नये, हे सराफांना ठाऊक होते. माणकाचा प्रकाशाशी असलेला व्यवहार निराळा असतो. डायक्रोस्कोपमधून पाहिले असता त्यात लाल रंगाच्या दोन छटा शेजारी-शेजारी दिसतात. तामड्यात एकच दिसते. काचेतही एकच दिसते, म्हणून दुसरी कसोटी लागते. दहापट भिंगाखाली काचेत बहुधा गोल बुडबुडे आढळतात, तर तामड्यात खनिजांच्या सुया किंवा कण. तिसरी कसोटी सोपी आहे. खडा हलक्या फोमच्या तुकड्यावर ठेवून पाण्यावर तरंगत सोडावा आणि निओडिमियमचे प्रबळ चुंबक जवळ न्यावे. तामड्यात लोह भरपूर असल्याने तो चुंबकाकडे सरकतो. माणिक जागचे हलत नाही. बावीसही खडे एकामागून एक चुंबकाकडे सरकत आले. प्रकाशाच्या पट्ट्यात अल्मंडाइन गार्नेटच्या ओळखीच्या तीन काळ्या रेघाही दिसल्या. शंकेला जागा उरली नाही.

ही गोष्ट कोणाला कळण्याचे कारण नव्हते. खडे पुन्हा कोंदणात बसले असते, पत्र्याने त्यांना पुन्हा लाली दिली असती आणि नात माणकांचा हार घालून बोहल्यावर चढली असती. परंतु तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘प्रतिरूपकव्यवहार’ आहे. खऱ्या वस्तूच्या नावाने तिच्यासारखी दिसणारी दुसरी वस्तू चालवणे, हा त्याचा अर्थ. वडिलांनी ते अजाणता केले असेल. जाणल्यानंतर मौन धरणे ही मात्र मुलाची करणी ठरली असती.

रत्नपरीक्षेचे हे शास्त्र जैन परंपरेला नवे नाही. अलाउद्दीन खिलजीच्या पदरी असलेल्या ठक्कुर फेरू या श्रीमाळ जैन अधिकाऱ्याने 1315 च्या सुमारास प्राकृतात ‘रयणपरिक्खा’ रचली. भारतीय रत्नशास्त्रात रत्नाचा वर्ण, गुण, दोष आणि मूल्य यांच्याबरोबर त्याचा ‘आकर’, म्हणजे खाण, हाही विचाराचा विषय असतो. रत्न काय आहे आणि ते कोठले आहे, या दोन बाबी परीक्षकाने पाहायच्या असतात.

दुसरी बाब अधिक कठीण. त्यासाठी खड्यातील सूक्ष्म अंतर्भूत खनिजे आणि त्याचे रासायनिक प्रमाण तपासून ज्ञात खाणींतील नमुन्यांशी ताडून पाहावे लागते. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडू येथे प्राचीन मणी घडवण्याचा उद्योग होता. तेथील गार्नेट कोठून येत, याचा शोध घेणारा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत पुण्याच्या रत्नशास्त्रज्ञ डॉ. जयश्री पंजीकर होत्या. सिलिमनाइटचे बारीक तंतू आणि घटकांचे प्रमाण जुळल्याने ते धागे तेलंगणातील गरीबपेठच्या टेकडीपर्यंत पोहोचले. राजस्थानात टोंक जिल्ह्यातील राजमहल आणि अजमेर जिल्ह्यातील सरवाड हीही तामड्याची जुनी ठिकाणे. महाराष्ट्रात नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीज पट्ट्यात गार्नेट आढळते, पण ते मँगनीजयुक्त स्पेसार्टाइन. हारातल्या खड्यांशी त्याची जात जुळत नव्हती.

अशा परक्या वस्तूंना बीडची वाट नवी नव्हती. सातवाहनकाळी पैठण आणि तेर या दोन मोठ्या पेठा होत्या. ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तांतात त्यांची नावे आहेत आणि पैठणहून भडोचला अकीकवर्गातील दगड जात असल्याची नोंद आहे. नकाशावर या दोन गावांना जोडणारी रेघ बीडवरूनच जाते. तेर म्हणजे करकंडू राजाच्या जैन कथेतील तेरापूर.

सराफांनी बहिणीला बोलावून सारे सांगितले. दुकान आणि हार यांची वाटणी समान धरली होती, ती तशी नव्हती, हेही सांगितले.

बहीण थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाबांनाही ते माणिकच वाटले असेल रे. आता तू म्हणतोस तर तामडा म्हणूनच नातीला देऊ. पण वाटणीतला फरक मी घेईन. हिशेब तो हिशेब.”

“घ्यायलाच हवा, अक्का.”

“आणि हे आले तरी कुठून?”

“तेलंगणाचे असतील, राजस्थानचे असतील. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय मी एकाच गावाचे नाव घेणार नाही.”

जेवढे दिसले तेवढेच आणि ज्या दृष्टीने दिसले त्या दृष्टीनेच सांगावे, ही स्याद्वादाची शिस्त आहे. खोट्या नावाप्रमाणेच घाईने दिलेले गावही खड्याचे मोल वाढवत नाही. नव्या पावतीवर नोंद झाली: ‘तामडा (गार्नेट), नग 22. खाण अनिश्चित.’ फरकाची रक्कम लग्नाआधी बहिणीच्या खात्यात जमा झाली.