देठाचा श

रोडपालीत आम्ही राहतो ती इमारत सिडकोच्या आखीव भूखंडांवर उभ्या राहिलेल्या अनेक इमारतींपैकीच एक. एका अंगास कळंबोलीचा लोखंड बाजार, दुसऱ्या अंगास तळोज्याची औद्योगिक वसाहत आणि या दोहोंमध्ये अहोरात्र चाललेली मालमोटारींची वर्दळ. संगणकशास्त्राचा अभ्यास मी याच घरात करतो, आणि ओपन सोर्सचा जो ध्यास मला येथे लागला त्याचा उगम आईच्या बालवाडीसाठी तयार केलेल्या गिरवणीच्या एका कागदात आहे.

कागद छापून हाती येताच आईने तो खिडकीपाशी नेऊन न्याहाळला, ‘शहामृग’ आणि ‘लगोरी’ या शब्दांवर क्रमाने बोट ठेवले आणि म्हणाली, “अरे, हा श आणि हा ल आपला नव्हे. फळ्यावर मी एक काढणार आणि कागदावर मुले दुसरेच गिरवणार, हे कसे चालेल?” तिचा आक्षेप बिनतोड होता. हिंदीच्या वळणाचा शेंडीयुक्त श आणि दंडयुक्त ल टाळून देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल लिहावा, असे महाराष्ट्र शासनानेही नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात बजावले आहे. परंतु शासनाचा हुकूम संगणकाच्या पडद्यापर्यंत पोहोचविण्याची तजवीज कोणीतरी करावी लागतेच.

युनिकोडच्या दप्तरी या दोन्ही वळणांच्या श ची नोंद एकाच क्रमांकाखाली आहे. त्यास रूप कोणते द्यावे हे फॉन्ट ठरवितो. आमच्या संगणकावरील फॉन्ट होता लोहित देवनागरी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेली लोहितची अक्षरे रेड हॅट या कंपनीने २००४ मध्ये जीपीएल परवान्याखाली सर्वांस खुली केली, आणि २०११ पासून ती ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतात. गावच्या जमिनीचा सातबारा जसा कोणासही मागून वाचता येतो, तसाच या अक्षरांचा मूळ आराखडा मला कोणाच्याही दारी अर्ज न करता उतरवून घेता आला, आणि फॉन्टफोर्ज या तितक्याच मुक्त साधनात तो उघडून रात्री उशिरापर्यंत मी वाचीत बसलो.

त्या आराखड्यात र चा रफार कसा व्हावा, अर्धा क पुढील अक्षरास कसा जोडावा, याचे नियम साध्या मजकुराच्या स्वरूपात ओळीने मांडलेले होते. आणि त्यांतच, मजकुराची भाषा मराठी असल्यास नेहमीचा श काढून त्याजागी मराठी वळणाचा श घ्यावा, ल चेही तसेच करावे, अशी तरतूद स्पष्ट शब्दांत केलेली होती. अर्थात आईला हवे असलेले अक्षर फॉन्टमध्ये आधीपासूनच सिद्ध होते. मग कागद ज्यात बनविला होता त्या लिब्रेऑफिसच्या तळपट्टीवर पाहतो तो मजकुराची भाषा हिंदी! मी सारा मजकूर निवडला, भाषा मराठी केली, आणि त्याच क्षणी शहामृगाच्या श ला देठ फुटले, लगोरीचा ल पाकळ्यांनी उमलला. आईला हाक मारून मी ते दाखविले तेव्हा तिच्या मुद्रेवर जे समाधान दिसले, ते परीक्षेतील कोणत्याही गुणांपेक्षा मला मोलाचे वाटले.

पुण्यात कोणा अनाम अभियंत्याने, ज्याचे तोंडही मी पाहिलेले नाही, मराठी मुलांच्या श ची ही चिंता वाहिली होती. आणि आपले काम कुलपात न ठेवता, त्याची रुजवात माझ्यासारख्या विद्यार्थ्याने घ्यावी अशा रीतीने मांडून ठेवले होते, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही. वर्गात आम्हांस अल्गोरिदम शिकवितात आणि उत्तमच शिकवितात. परंतु हजारो लोकांच्या नित्य वापरातील वस्तू आतून कशी बांधलेली असते, तिच्यात पूर्वी कोणती उणीव होती व ती कोणी कशी दूर केली, हे पाहण्याचा अधिकार मला ओपन सोर्सनेच दिला. लिनस टोरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या संगणक-प्रणालीची वार्ता जगास दिली तेव्हा तोही हेलसिंकी विद्यापीठातला विद्यार्थीच होता. विद्यार्थ्याने केवळ ग्राहक म्हणून उरू नये असे ज्या शिक्षणव्यवस्थेस मनापासून वाटते, तिने मूळ संहिता वाचण्याचा परिपाठ पहिल्या वर्षापासून घालावा, असे माझे ठाम मत आहे.

आईची पुढली मागणी ठिपक्यांच्या अक्षरांची आली, म्हणजे मुलांनी ठिपके जोडीत अक्षर गिरवावे. ओपन फॉन्ट लायसन्सने बदल करण्याची व वाटण्याची पूर्ण मुभा दिली आहे. मुख्य शर्ती इतक्याच, की एकटा फॉन्ट विकू नये, मूळ कर्त्याने राखून ठेवलेले नाव बदललेल्या फॉन्टास देऊ नये, आणि नव्या फॉन्टासही तोच परवाना लागू राहावा. त्याप्रमाणे वेगळे नाव देऊन, मूळ कर्त्यांचा उल्लेख आणि परवान्याची प्रत जोडून, मी स्वर व व्यंजने ठिपक्यांत बांधली; कामोठ्याच्या आणि खांदा वसाहतीच्या ज्या शिक्षिका आईच्या परिचयाच्या आहेत त्यांच्याकडेही ती गेली आहेत. ळ चा मधला वळसा ठिपक्यांत नीट उमटत नाही अशी तक्रार त्यांतल्या एका बाईंनी कळविली आहे, तेव्हा सध्या ते अक्षर पुन्हा हाती घेतले असून त्यानंतर जोडाक्षरांचा क्रम आहे.