घर मिळाल्यानंतरचे मन

पनवेलजवळच्या कोन येथे भाडेतत्त्वावरील योजनेत बांधलेल्या सुमारे 2,400 घरांची सोडत म्हाडाने 2016 मध्ये गिरणी कामगार व त्यांच्या वारसांसाठी काढली. कोरोनाच्या काळात तेथे विलगीकरणाची सोय झाली आणि प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत आणखी वर्षे लोटली. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपात ज्यांचा रोजगार गेला, त्या पिढीला घर मिळाले ते उतारवयात, आणि तेही लालबाग-परळ सोडून खाडीपलीकडे.

हवाहवासा बदलही मनाला पेलेनासा होऊ शकतो. स्थलांतर, नोकरी सुटणे, घटस्फोट अशा ठळक बदलानंतर साधारणतः तीन महिन्यांच्या आत सुरू होणारी आणि रोजचे व्यवहार विस्कटून टाकणारी उदासी, चिंता किंवा चिडचिड म्हणजे समायोजन विकार. ताण व त्याचे परिणाम संपल्यावर तो सहसा सहा महिन्यांत ओसरतो, पण नव्या जागेतले एकाकीपण रोजचेच असेल तर तोही रेंगाळतो.

चाळीच्या सामाईक गॅलरीत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना बंद दाराआड झोप लागेनाशी झाली, तर घरचे माणूस सहज म्हणते, ‘एवढं हक्काचं घर मिळालं, आता कशाला रडता?’ या प्रश्नाने माणूस गप्प होतो, बरा होत नाही. म्हणूनच समुपदेशकाचे खरे कसब नेमके काय हरवले ते शांतपणे ऐकून घेण्यात असते: शेजार, भजनी मंडळ, की चार माणसांतला मान. त्यानंतर समस्या-निराकरण उपचारात, म्हणजे अडचणींचे लहान भाग पाडून एकेकीवर जमेल तो उपाय करून पाहण्याच्या पद्धतीत, उठण्या-झोपण्याची वेळ, जुन्या सोबत्यांची भेट, नव्या मजल्यावरची ओळख अशी पावले रुग्णासोबतच ठरवली जातात. औषधांचे स्थान येथे मर्यादित असते. मात्र लक्षणे तीव्र झाली, तर ते नैराश्य तर नव्हे, हे मनोविकारतज्ज्ञाने तपासलेच पाहिजे.

वेळेवर बस नसणे, दवाखाना दूर असणे ही दुःखे मनाची नव्हेत, आणि त्यांना विकार म्हणणे हा रहिवाशांवर अन्यायच ठरेल. परंतु जगणे नकोसे झाल्याचे बोल कोणाच्याही तोंडून आले, तर ते वयाचा त्रागा म्हणून सोडून देऊ नयेत. टेली मानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य आणि चोवीस तास बोलता येते.